स्टम्प म्हणजे आउट नव्हे: गर्भाशयाच्या ‘अनिश्चित’ गाठीनंतर मूल होतं का?

“मॅडम, स्टम्प म्हणजे आउट का ओ?”

विचारणारा माणूस चेष्टा करत नव्हता. सोलापुरात सात रस्त्याकडच्या आमच्या लॅबच्या काउंटरवर तो उभा होता. हातात आमचाच रिपोर्ट, आणि शेवटच्या ओळीत जाड ठशात छापलेली पाच इंग्रजी अक्षरं त्याने जशी वाचता आली तशी वाचली होती. शेजारी त्याची बायको. वय एकतीस, लग्नाला चार वर्षं, मूल नाही. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या गर्भाशयातली आठ सेंटीमीटरची गाठ काढली होती. ‘साधी फायब्रॉइड आहे, काढली की मोकळ्या’ असं सांगून ऑपरेशन झालेलं. आता रिपोर्ट बघून सर्जन म्हणाले होते, पिशवीच काढून टाकू, रिस्क नको. सासूबाईंचं म्हणणं, आधी मूल होऊ दे, मग काय काढायचं ते काढा. ती स्वतः काहीच बोलली नाही. पर्सची चेन उघडझाप करत उभी राहिली.

मी पॅथॉलॉजिस्ट. पेशंट मला सहसा भेटत नाहीत, त्यांचे तुकडे भेटतात. त्यामुळे समोर उभ्या असलेल्या माणसाला समजावून सांगायची सवय कमी. त्या दिवशी काउंटरवर दहा मिनिटांत जे सांगितलं ते अपुरंच होतं. इथे जरा नीट लिहिते.

आधी पिशवीबद्दल

आपण ‘पिशवी’ म्हणतो म्हणून ती कापडी थैलीसारखी पातळ वाटते. प्रत्यक्षात गर्भाशय म्हणजे मुठीएवढा जाड स्नायूच आहे, मधे थोडी पोकळी असलेला. दंडाचा स्नायू आपल्या हुकमाने चालतो, हा आपोआप चालतो. शाळेच्या पुस्तकातले अनैच्छिक स्नायू ते हेच. आतड्यात असतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असतात आणि गर्भाशयातही असतात.

या स्नायूतली एखादी पेशी कधीतरी आपल्याच प्रती काढत सुटते आणि गाठ तयार होते. तीच फायब्रॉइड. ती इतकी सर्रास होते की तिला आजार म्हणावं की नाही असा प्रश्न पडतो. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत पन्नाशीपर्यंत गोऱ्या बायकांपैकी जवळपास 70 टक्के आणि कृष्णवर्णीय बायकांपैकी 80 टक्क्यांहून जास्त जणींना फायब्रॉइड असल्याचं दिसलं. बहुतेकींना ते आयुष्यभर कळतही नाही. फायब्रॉइड कॅन्सर नाही. चिरली की आतून पांढरी, घट्ट, भोवऱ्याभोवऱ्यांची दिसते. सुताचा गुंडा सुरीने मधोमध कापला तर जसं दिसेल तसं.

दुसऱ्या टोकाला याच स्नायूचा खरा कॅन्सर असतो, त्याला आम्ही लायोमायोसार्कोमा म्हणतो. पुढे नुसतं सार्कोमा म्हणेन. हा दुर्मीळ. गर्भाशयाच्या सगळ्या कॅन्सरमध्ये याचा वाटा एक-दोन टक्के. पण स्वभावाने वाईट. गर्भाशयाबाहेर पसरलेला नसताना सापडला तरी पाच वर्षांनंतर साधारण निम्म्याच बायका हयात असतात.

आणि या दोघांच्या मधे एक पट्टा आहे. त्याचं नाव स्मूद मसल ट्यूमर ऑफ अनसर्टन मॅलिग्नंट पोटेन्शियल. पहिली अक्षरं जोडली की स्टम्प. मराठीत सांगायचं तर, गर्भाशयाच्या स्नायूची अशी गाठ जी पुढे कॅन्सरसारखी वागेल की नाही हे आज सांगता येत नाही.

चेकरचं टेबल

मी नवऱ्याला विचारलं, काम काय करता? अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात चेकर. मग माझं काम सोपं झालं.

चेकरच्या टेबलावर टॉवेल पसरला जातो. उजेड नीट असतो. धागा तुटलाय का, डाग आहे का, भोक आहे का, हे तो हात फिरवत बघतो. निर्दोष माल, म्हणजे फ्रेश, एका गठ्ठ्यात, थोडा दोष असलेला सेकंड दुसऱ्यात, अगदीच गेलेला चिंधीत. हजारांत एखादा टॉवेल असा येतो की तो हातात धरून चेकर थांबतो. एक दोष तर आहे. पण तेवढ्यावर चिंधीत टाकायचा? आणि फ्रेशच्या गठ्ठ्यात घालून एक्स्पोर्टला पाठवायचा धीरही होत नाही. तो टॉवेल बाजूला ठेवतात.

“स्टम्प म्हणजे बाजूला ठेवलेला टॉवेल,” मी म्हटलं. त्याने मान हलवली. त्याला कळलं होतं. खरं तर त्याला माझ्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा लवकर कळलं.

माझं टेबल फक्त जरा वेगळं. गाठ फॉर्मॅलिनच्या बरणीत येते, त्या वासाने आजही डोळे चुरचुरतात. ती चिरायची, डोळ्यांनी बघायची, बोटाने दाबायची आणि संशय वाटेल तिथले तुकडे घ्यायचे. साध्या फायब्रॉइडमधून एक-दोन तुकडे पुरतात. शंका आली की गाठीच्या प्रत्येक सेंटीमीटरमागे निदान एक. आठ सेंटीमीटरची गाठ असेल तर आठ तरी. हे तुकडे मेणात बसवून ठोकळे होतात, त्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकवरून तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप निघतो, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण विसावा भाग. कोमट पाण्यावर तो दुधावरच्या सायीसारखा तरंगतो, काचेवर अलगद उचलायचा, रंगवायचा, आणि मग माझ्या भिंगाखाली.

तिथे मी तीन दोष शोधते. पहिला, पेशींची केंद्रकं बेढब, काळपट, लहानमोठी झालीत का. दुसरा, पेशी किती वेगाने दुप्पट होतायत. त्यासाठी भिंगाची मोठी ताकद लावून दहा ठिकाणी विभागणाऱ्या पेशी मोजतात. दहा किंवा त्याहून जास्त सापडल्या तर वेग जास्त. तिसरा, गाठीतला एखादा भाग कॅन्सरच्या खास पद्धतीने मेलाय का. जिवंत आणि मेलेल्या पेशींमधली सीमा तिथे कात्रीने कापल्यासारखी दिसते.

1994 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या पॅथॉलॉजिस्टांनी अशा 213 अडचणीच्या गाठी पुन्हा तपासून, त्या बायकांचं पुढे काय झालं ते ताडून पाहिलं. आज जगभर वापरतात तो ठोकताळा तिथून आला. तीनपैकी दोन दोष स्पष्ट असतील तर सार्कोमा. एकही नसेल तर फायब्रॉइड. एकच असेल, किंवा एक पक्का आणि दुसरा ‘आहे वाटतं, पण शपथेवर सांगता येत नाही’ असा असेल, तर स्टम्पचा विचार होतो.

म्हणजे अनिश्चितता गाठीत नसते. ती आमच्या बघण्यात असते. गाठीला पुढे काय करायचंय ते बहुधा तिच्या जनुकांत लिहिलेलं आहे, आम्हाला अजून ते पूर्ण वाचता येत नाही. पी-16, पी-53 यांसारख्या प्रथिनांचे जादा रंग लावून अंदाज थोडा घट्ट करता येतो, तरी खात्री देता येत नाही.

आधीच का नाही कळलं?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि राग समजण्यासारखा आहे. पण सोनोग्राफीत गाठीचा आकार दिसतो, पेशी दिसत नाहीत. एमआरआय जास्त सांगतो, संशय वाढवू किंवा कमी करू शकतो, पण आतून पाणी झालेली, रक्त साकळलेली साधी फायब्रॉइडही तिथे सार्कोमासारखी दिसू शकते. पिशवी खरवडून काढलेल्या तुकड्यात बहुतेक वेळा अस्तरच येतं, गाठ असते आत भिंतीत. ऑपरेशन चालू असताना घाईने केलेली फ्रोझन तपासणीही इथे फार भरवशाची नाही. स्टम्पचं निदान जवळजवळ नेहमीच ऑपरेशननंतर, साधी गाठ समजून काढलेल्या गाठीतच होतं. कुणाची चूक झाली असं त्यावरून ठरत नाही.

चूक होते ती दुसरीकडे, आणि ती आमच्या बाजूची आहे. लॅबकडे गाठीबरोबर जो फॉर्म येतो त्यावर बऱ्याचदा ‘फायब्रॉइड’ एवढा एकच शब्द असतो. पेशंट गरोदर होती का, हार्मोनची इंजेक्शनं घेतली का, अंगावरून जास्त जातं म्हणून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या चालू होत्या का, काहीच नाही. आणि नेमक्या याच गोष्टी फसवतात. गरोदरपणात आणि काही हार्मोनमुळे साध्या फायब्रॉइडच्या पेशीही भरभर विभागतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडने गाठीचा काही भाग रक्त न मिळाल्याने मरतो आणि भिंगाखाली तो डोळ्यांना चकवा देतो. चेकरला माहीत नसेल की टॉवेल पावसात भिजून आलाय, तर तो डागाला दोष म्हणणारच. तेव्हा ऑपरेशनआधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं टाकू नका, लॅबला दाखवा. एका पाकिटावरून निदान बदलू शकतं.

मग कॅन्सर आहे की नाही?

सरळ उत्तर: बहुतेकींच्या बाबतीत नाही, आणि कुणाच्या बाबतीत हो ते आज कळत नाही.

वेगवेगळ्या अभ्यासांत स्टम्प परत येण्याचं प्रमाण शंभरात सात-आठपासून पंचवीस-अठ्ठावीसपर्यंत सांगितलेलं आहे. एवढी मोठी तफावत का? कारण गाठ दुर्मीळ, प्रत्येक अभ्यासात पेशंट वीस-चाळीस, आणि कुठली गाठ स्टम्प म्हणायची यावर पॅथॉलॉजिस्टांचंच एकमत नाही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 41 जणी होत्या. तिघींना गाठ परत आली. त्यातल्या एकीची सार्कोमा होऊन आली, दोघींची स्टम्पच राहिली. पाच वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण बहुतेक अभ्यासांत नव्वद टक्क्यांच्या वर आहे. सार्कोमाच्या ‘निम्म्या’शी हे ताडून पाहा, मग या दोन शब्दांत किती अंतर आहे ते लक्षात येईल.

एक खोड मात्र या गाठीला आहे. ती सावकाश परतते. सार्कोमा परत यायचा तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो. स्टम्प कधी कधी दहा वर्षांनीही डोकं वर काढते, ओटीपोटात नाहीतर फुप्फुसात. म्हणून ‘दोन वर्षं झाली, काही नाही, आता सोडा’ हे इथे चालत नाही.

पिशवी काढून टाकली की विषय संपला ना?

सोलापूर भागात हा प्रश्न विचारण्यासारखाही राहिलेला नाही, तो गृहीतच धरतात. पाळी त्रास देते, काढा. पांढरं जातं, काढा. जवळच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची प्रकरणं 2019 साली गाजली. सरकारी समितीने तिथल्या सुमारे 82 हजार बायकांची पाहणी केली, 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्याच बायका दरवर्षी कोयता घेऊन आपल्या जिल्ह्यातल्या फडांवर येतात. तेव्हा ‘काढून टाकू’ हे वाक्य ऐकलं की मी जरा दचकतेच, ते कितीही चांगल्या हेतूने म्हटलेलं असो.

स्टम्पपुरतं बोलायचं तर, जिला आणखी मुलं नको आहेत तिच्यासाठी पिशवी काढणं हाच नेहमीचा सल्ला, आणि तो रास्त आहे. अंडाशय मात्र सोबत काढायची गरज नसते. पण पिशवी काढली म्हणजे हिशेब मिटला असं होत नाही. पिशवी गेलेल्या बायकांनाही ही गाठ परत आलेली आहे, कारण परत येते ती दरवेळी पिशवीतच येते असं नाही. वर सांगितलेल्या 41 जणींच्या अभ्यासात पिशवी काढलेल्या आणि फक्त गाठ काढलेल्या बायकांमध्ये परत येण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. अभ्यास लहान आहे, त्यावर सगळा भार टाकू नये. तरीही एकतीस वर्षांच्या बाईला ‘आजच्या आज काढा’ म्हणण्याइतका पुरावा दुसऱ्या बाजूलाही नाही.

सार्कोमाचं गणित वेगळं. तिथे घासाघीस नाही, पिशवी जातेच. म्हणून रिपोर्टमध्ये कुठला शब्द आहे, हे ठरवणं सगळ्यात महत्त्वाचं.

आणि इथे माझा एकच आग्रह आहे, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. स्टम्प किंवा सार्कोमा असा रिपोर्ट आला की काहीही काढायच्या आधी ब्लॉक आणि स्लाइड दुसऱ्या डोळ्यांना दाखवा, स्त्रियांच्या कॅन्सरचं पॅथॉलॉजी रोज बघणाऱ्या डोळ्यांना. माझ्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या पॅथॉलॉजिस्टला अशी गाठ वर्षातून एखादी दिसते, कधी तीही नाही. हे कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही. लॅबमधून ब्लॉक मागता येतात, त्यासाठी भांडावं लागत नाही, अर्ज करून पोच द्यायची. बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. मुंबईला टाटा मेमोरियल आहे. बार्शीचं नाव तर या क्षेत्रात जगाला माहीत आहे: ग्रामीण भारतातली पहिली कॅन्सर नोंदणी 1987 साली तिथे सुरू झाली. ब्लॉक लहानशा डबीत मावतात. एकच काळजी, उन्हात ठेवू नका. मेण आहे, सोलापूरच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला ब्लॉक वितळून कागदाला चिकटलेला मी पाहिला आहे.

त्या नवऱ्याने रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आठ ब्लॉक आणि अकरा स्लाइड मुंबईला नेल्या, शर्टाच्या आतल्या खिशात.

दुर्बिणीने केलं, चांगलंच झालं ना?

एरवी हो. पोटावर लहान छिद्रं, लवकर सुट्टी. पण आठ सेंटीमीटरची गाठ एक सेंटीमीटरच्या छिद्रातून बाहेर कशी काढणार? त्यासाठी मॉर्सेलेटर नावाचं यंत्र आलं. पोटाच्या आतच गाठीच्या पट्ट्या कापून ते बाहेर ओढतं. पिंजलेल्या कापसासारखे बारीक कण तेव्हा पोटात उडतात. साध्या फायब्रॉइडचे कण सहसा त्रास देत नाहीत. गाठ आतून सार्कोमा निघाली तर तेच कण पेरणी ठरतात.

अमेरिकेत एमी रीड नावाच्या भूलतज्ज्ञ डॉक्टरच्या बाबतीत 2013 साली हेच घडलं. त्या आणि त्यांचे सर्जन पती यांनी हा प्रश्न लावून धरला. 2014 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, त्यात फायब्रॉइड समजून ऑपरेशन केलेल्या साधारण 350 बायकांमागे एकीत लपलेला सार्कोमा असू शकतो असा अंदाज होता. अनेक तज्ज्ञांना हा आकडा फुगलेला वाटतो, त्यांच्या मते प्रमाण बरंच कमी आहे. एमी रीड 2017 साली गेल्या. आता यंत्र वापरायचंच तर गाठ आधी पोटातच एका बंद थैलीत घालून थैलीच्या आत कापण्याची पद्धत आहे.

स्टम्प निघाली आणि गाठ उघड्यावर कापली गेली असेल तर तपासण्या जास्त बारकाईने करायच्या. माझी स्वतःची तक्रार आणखी एक: अशी गाठ माझ्याकडे खिमा होऊन येते. तिची कड गुळगुळीत होती की आजूबाजूच्या स्नायूत घुसली होती, हे खिम्यावरून मी काय सांगणार?

मूल हवं असेल तर?

आता मूळ प्रश्न. होतं. स्टम्प काढल्यावर पिशवी ठेवलेल्या बायकांना दिवस गेलेत, निरोगी बाळं झालीत, हे वेगवेगळ्या देशांतल्या छोट्या छोट्या अभ्यासांत नोंदलेलं आहे. किती टक्के, असं मात्र विचारू नका. संख्या हाताच्या बोटांवर मोजायच्या, त्यातून टक्केवारी काढणं म्हणजे दोन टॉवेल बघून अख्ख्या कारखान्याचा माल ठरवणं. शिवाय दिवस राहणं न राहणं स्टम्पपेक्षा बाकीच्याच गोष्टींवर जास्त अवलंबून असतं: वय, नळ्या, नवऱ्याचे शुक्राणू, गाठ पोकळीच्या किती जवळ होती.

अटी मात्र असतात. स्टम्पचं निदान दुसऱ्या तज्ज्ञाने पक्कं केलेलं असावं. गाठ पूर्ण निघालेली असावी. ऑपरेशननंतरचा एमआरआय आणि छातीची तपासणी स्वच्छ असावी. आणि ती बाई पुढची कित्येक वर्षं तपासण्यांना येणार हे तिला आणि घरच्यांना मान्य असावं. साधारण वेळापत्रक असं: पहिली पाच वर्षं दर सहा महिन्यांनी, पुढची पाच वर्षं वर्षाला एकदा. मुलं झाल्यावर पिशवी काढायची का, हा विषय डॉक्टर पुन्हा काढतील. काही जणी काढतात, काही तपासण्यांवरच राहतात.

लगेच प्रयत्न सुरू करायचे नाहीत. गाठ खोल भिंतीतून काढली असेल तर तिथली शिवण भरायला वेळ लागतो. तीन ते सहा महिने थांबायला सांगतात, खोल टाके असतील तर सहाच्या बाजूने. शिवण गरोदरपणात किंवा कळांमध्ये उसवण्याचा धोका एक टक्क्याहून कमी, पण उसवली तर आई आणि बाळ दोघांवर बेततं. म्हणून अशा वेळी कळा यायच्या आत ठरवून सिझेरियन करण्याकडे कल असतो. त्याचा एक फायदाही आहे: पोट उघडलेलंच असतं, सर्जन आत सगळीकडे नजर आणि हात फिरवून घेतात.

गरोदरपणात गाठ उसळली तर? ही भीती निराधार नाही, कारण यातल्या पुष्कळ गाठींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचे ग्राहक, म्हणजे त्यांना पकडून घेणारी प्रथिनं, सापडतात. तरी दिवस गेल्यामुळे स्टम्प परत येते असं आजवरच्या नोंदींतून दिसलेलं नाही. आयव्हीएफची इंजेक्शनं घ्यायची वेळ आली तर फर्टिलिटीच्या डॉक्टरांना स्टम्पचा रिपोर्ट आधी दाखवा. लपवू नका. ‘सांगितलं तर नाही म्हणतील’ म्हणून लपवणाऱ्या जोड्या मला माहीत आहेत. सांगितलं तर औषध बदलतील, मात्रा बदलतील, एवढंच.

आणि नंतरच्या सोनोग्राफीत नवी गाठ दिसली की घर डोक्यावर घेऊ नका. फायब्रॉइड काढल्या तरी नव्या होतच असतात, स्टम्प झालेल्या बाईलाही साध्या फायब्रॉइड होऊ शकतात. वाढीचा वेग आणि एमआरआय बघून ठरतं.

जाता जाता एक: अगदी तरुणपणी मोठमोठ्या फायब्रॉइड, अंगावर दुखऱ्या कडक पुळ्यांसारख्या गाठी, आणि रक्ताच्या नात्यात कुणाला किडनीचा कॅन्सर, असं त्रिकूट असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. एक आनुवंशिक दोष असा वागतो. तिथे गर्भाशयापेक्षा किडनीवर लक्ष ठेवणं जास्त गरजेचं होतं.

पिशवी गेलीच तर?

सार्कोमा निघाला, किंवा स्टम्प परत आली, तर पिशवी काढावी लागते. तरुण बाईत रोग लवकर सापडला असेल तर अंडाशय ठेवण्याचा विचार होतो. ऑपरेशनआधी वेळ असेल तर बीजं किंवा भ्रूण गोठवून ठेवण्याबद्दल विचारा. विचारावं लागतं, घाईत कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

मग मार्ग उरतो सरोगसीचा. 2021 च्या कायद्याने पैसे देऊन सरोगसी बंद झाली. सरोगेट बाई विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली, स्वतःचं मूल असलेली, 25 ते 35 वयाची, आणि आयुष्यात एकदाच. मूल हवं असलेल्या जोडप्यात बायकोचं वय 23 ते 50, नवऱ्याचं 26 ते 55. औषधोपचाराचा खर्च आणि सरोगेटचा 36 महिन्यांचा विमा सोडून तिला काही देता येत नाही. आजारामुळे पिशवी काढावी लागणं हे कारण नियमांत बसतं, तेव्हा पिशवी काढल्याच्या ऑपरेशनचे कागद आणि आमचा रिपोर्ट जपून ठेवा. दत्तक हा मार्ग तर आहेच, आणि तो सगळ्यांत शेवटी सुचवायचा मार्ग आहे असं मला स्वतःला वाटत नाही.

गर्भाशय बसवून घेता येतं ना, असंही विचारतात. सोलापूरकरांना हे ठाऊक असण्याचं कारण आहे: 2017 साली पुण्यात देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण झालं ते सोलापूरच्याच एका तरुणीवर, आईने दिलेल्या गर्भाशयाचं. पण तिला जन्मतःच गर्भाशय नव्हतं. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. कॅन्सर होऊन गेलेल्या शरीरात पहारेकऱ्यालाच झोपवायला सहसा कुणी धजत नाही.

मुंबईहून आलं ते

तीन आठवड्यांनी मुंबईचा रिपोर्ट आला. स्टम्पच. माझं निदान बदललं नाही याचा आनंद मानायचा की काय ते मला कळलं नाही. एमआरआय स्वच्छ, छाती स्वच्छ. तिथल्या डॉक्टरांनी दोघांना बसवून तासभर समजावलं, पिशवी आत्ता ठेवता येईल असं सांगितलं आणि तपासण्यांच्या तारखा लिहून दिल्या. सासूबाई त्या तारखा देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून मोकळ्या झाल्या.

ब्लॉक परत करायला दोघं लॅबमध्ये आले. ते जपून ठेवायचे असतात, पुढे कधी दुसरी गाठ निघालीच तर शेजारी ठेवून ताडून बघायला. मी डबी कपाटात ठेवत होते आणि तो बोटांवर मोजत होता. ऑपरेशन नोव्हेंबरात. सहा महिने थांबा म्हणालेत.

“म्हणजे मे,” तो म्हणाला.

“मे महिन्यात सोलापुरात?” तिने पर्सची चेन लावली. “चव्वेचाळीस डिग्रीत मी काही प्रयत्न करणार नाही. जूनमध्ये बघू.”

त्या दोन भेटींत माझ्यासमोर ती बोललेलं ते पहिलं वाक्य.